फोरजी राऊटरच्या आरएस-४८५ पोर्टला वीजमीटर जोडलाय, पण ऑफिसच्या सर्व्हरवर रीडिंग येत नाही. सेटिंग काय ठेवू?

आरएस-४८५ म्हणजे दोन वायरींवर डेटा नेणारा सिरियल पोर्ट; त्याला मीटरच्या मेनूत जे आकडे आहेत तेच द्या. बहुतेक वेळा वेग (बॉड रेट) ९६००, ८ डेटा बिट, १ स्टॉप बिट. घोळ होतो तो पॅरिटीत (चूक पकडायच्या जादा बिटाची सेटिंग). तरी मीटर गप्पच असेल तर ए-बी वायरी अदलाबदल करून पाहा, त्याने काही जळत नाही.

खरी गोम सिममध्ये असते. साध्या सिमला सहसा पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता) मिळत नाही, मग पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी आतल्या उपकरणाकडे वळवणं) कितीही करा, बाहेरून राऊटर सापडणारच नाही. म्हणून राऊटर टीसीपी क्लायंट मोडमध्ये ठेवा, म्हणजे तोच सर्व्हरला जोडणी करेल, सर्व्हरचा आयपी आणि पोर्ट टाका, कीप-अलाइव्ह (जोडणी तुटू नये म्हणून अधूनमधून जाणारा संदेश) चालू करा. सर्व्हर मॉडबस टीसीपी (मीटर वाचायच्या मॉडबस भाषेचं नेटवर्कवरचं रूप) वापरत असेल तर डेटा जसाच्या तसा पुढे पाठवणारा ट्रान्स्परंट मोड नको, सिरियल मॉडबसचं त्यात रूपांतर करणारा मॉडबस गेटवे निवडा. एपीएन (सिमला इंटरनेटशी जोडणारं नेटवर्कचं नाव) सिम कंपनीने दिलेलाच टाका.