वसतिगृहात नवीन आहेस? आधी एवढं सांभाळ
नियमांची यादी पाहून घाबरू नको, भाऊ. नागपुरात चार वर्षं मी वसतिगृहातच काढली. सुरुवातीला तीनच गोष्टी पक्क्या कर.

१. गेटवरचं रजिस्टर. नवीन पोरं इथंच फसतात. बर्डीवरून (नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून) यायला उशीर होणार असेल, तर वॉर्डनना आधी फोन कर आणि आल्यावर खरी वेळ लिही. मी एकदा मित्राला माझी सही ठोकायला लावली. 'र'ची शेपटी चुकली, पकडलो गेलो. दोघांच्याही घरी पत्र गेलं. उशीर झाला तर समज देऊन सोडतात, खोटी सही मात्र फाइलीत राहते.

२. खोलीत कॉइलची शेगडी नको. डिसेंबरच्या थंडीत मोह होतो, पण आगीचा धोका खरा आहे.

३. रॅगिंग 'गंमत' म्हणून अजिबात सोसू नको. महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. १८००-१८०-५५२२ हा रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास चालू असतो. आजच सेव्ह कर.

नोटीस आलीच तर उत्तर लेखी दे आणि प्रत जवळ ठेव. मेसच्या वेळा, पाहुण्यांचे नियम पंधरा दिवसांत अंगवळणी पडतील.