कमी बजेटची, जुनं घर आणि बिघडलेलं कुटुंब असलेली चांगली हॉरर फिल्म सुचवा. भूत नसलं तरी चालेल.

भूत नसलं तरी चालेल म्हणालात म्हणून सांगतो, डिमेंशिया 13 बघा. 1963 ची, ब्लॅक अँड व्हाइट, जेमतेम सव्वा तासाची. डिरेक्टर फ्रान्सिस फोर्ड कोपोला, हो तोच गॉडफादरवाला, पण गॉडफादरला तेव्हा अजून नऊ वर्षं होती आणि हा पोरगा रॉजर कॉर्मनच्या हाताखाली मिळेल ते काम करत होता.

कॉर्मन म्हणजे पै न पै वाचवणारा प्रोड्यूसर. युरोपात त्याच्या द यंग रेसर्स नावाच्या फिल्मचं शूटिंग झालं, कोपोला तिथे साउंड बघत होता, आणि थोडे पैसे उरले. कोपोलाने काय करावं, पूर्ण स्टोरीबिरी काही नाही, एक भीतीदायक सीन रचला आणि तो कॉर्मनला ऐकवून साधारण 20 हजार डॉलर मिळवले, मग इंग्लंडमध्ये फिल्म दाखवायचे हक्क आधीच दुसऱ्या प्रोड्यूसरला विकून जवळपास तेवढेच अजून. त्या रेसिंगच्या फिल्ममधलेच विल्यम कॅम्पबेल, लुआना अँडर्स, पॅट्रिक मॅगी सोबत घेतले आणि आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या हाउथ कॅसलमध्ये कॅमेरा लावला. आता खराखुरा दगडी किल्ला मिळाल्यावर सेटवर खर्च कशाला करायचा.

गोष्ट हॅलोरन घराण्याची. आई आणि तीन मुलगे. धाकटी मुलगी कॅथलीन लहानपणीच तळ्यात बुडून गेली, तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी सगळ्यांनी किल्ल्यावर जमायचं, थडग्यापाशी उभं राहायचं, फुलं वाहायची आणि आईने तिथे चक्कर येऊन पडायचं. हे दर वर्षी! मोठी झालेली मुलं निमूट उभी असतात, कुणी म्हणत नाही की आई आता पुरे. मला या फिल्ममध्ये खरी भीती इथे वाटली, खुन्याच्या कुऱ्हाडीची नाही. आमच्याकडेही एका नातेवाइकांच्या घरात गेलेल्या मुलाची खोली कित्येक वर्षं तशीच ठेवली होती, चपलांसकट, आणि लहानपणी त्या दारावरून जाताना आम्ही आपोआप हळू बोलायचो, कुणी सांगायची गरज नव्हती. ते वातावरण या कोपोलाने (तेव्हा चोविशीचा असेल) बरोब्बर पकडलंय.

या घरात सून म्हणून आलेली लुईस मात्र वेगळीच. पहिल्याच सीनमध्ये रात्री नवरा-बायको होडीत, इस्टेटीवरून भांडण, सासूने सगळं मृत मुलीच्या नावाने दान करायचं ठरवलंय म्हणून ही चिडलेली, आणि नवरा सांगतो की मी आईच्या आधी गेलो तर तुला छदामही मिळणार नाही. आणि तिथेच त्याला हार्ट अटॅक. ही बाई रडत नाही, ओरडत नाही, बॉडी सरळ पाण्यात ढकलते आणि नवरा कामासाठी न्यूयॉर्कला गेला असं खोटं पत्र टाइप करते. त्याचा छोटा ट्रान्झिस्टर पण पाण्यात जातो आणि खाली जाताना गाणं घरघरत वाजत राहतं. या सीनला खर्च असा किती आला असेल, पण मी रात्री मोबाइलवर बघत होतो आणि उठून लाइट लावला.

(इथून पुढचा पॅरा स्पॉइलर आहे, नको असेल तर सोडा.) सासूला पटवायला लुईस कॅथलीनच्या जुन्या बाहुल्या घेऊन रात्री तळ्यात उतरते, त्या तळाशी बांधून ठेवायच्या म्हणजे दुसऱ्या दिवशी वर येतील आणि म्हातारीला वाटेल मुलीनेच खूण केली. कोपोलाने कॉर्मनला विकला तो हाच सीन. ती खाली काय बघते आणि वर आल्यावर काय होतं ते बघाच. तिला अर्ध्यात संपवायची आयडिया हिचकॉकच्या सायको फिल्मवरून उचललेली आहे हे उघड आहे, सायको तीनच वर्षांपूर्वी आला होता आणि कॉर्मनला तसंच काहीतरी हवं होतं.

खरं सांगायचं तर ती गेल्यावर फिल्मचा दम थोडा जातो. बाकीची माणसं तिच्याइतकी जिवंत नाहीत. पॅट्रिक मॅगीचा डॉक्टर भारी आहे, बघावं तेव्हा संशय त्याच्यावरच जातो, पण शेवटी तो सगळं घाईघाईत उलगडतो. खुनी कोण ते मी सांगत नाही, पण तुम्ही ओळखाल बहुतेक.

कॉर्मनला तयार फिल्म आवडली नव्हती. त्याने मारामारी वाढवायला चोरून शिकार करणाऱ्या एका माणसाचा कुऱ्हाडीने खून जॅक हिल नावाच्या दुसऱ्या डिरेक्टरकडून शूट करून घेतला, शिवाय सुरुवातीला मोंटे हेलमन या आणखी एका डिरेक्टरकडून एक टेस्ट जोडली, म्हणजे प्रेक्षकाचं डोकं ठिकाणावर आहे का ते आधी तपासायचं म्हणे. निव्वळ पब्लिसिटी. 2021 मध्ये कोपोलाने स्वतः साफ केलेली आवृत्ती आलीये, ती शोधा. यूट्यूबवर जुन्या प्रिंट फुकट सापडतात पण त्या इतक्या काळ्या आहेत की तळं कुठे आणि रात्र कुठे कळत नाही. आणि हेडफोन लावा, त्या ट्रान्झिस्टरसाठी.