अकरा मसुदे आणि एक सुई

“लिहायचं खूप आहे हो, पण पहिलाच लेख होत नाही.” ही तक्रार घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांना ती सांगतानाही संकोच वाटतो. एवढ्याशा गोष्टीसाठी समुपदेशकाकडे काय यायचं! त्यांतल्याच एका गृहस्थांची ही हकिकत. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलून.

वय ५८. जवळपास ३० वर्षं प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढलं आणि नुकतेच निवृत्त झाले. त्या कामातले अनुभव लिहून लोकांसमोर ठेवायचे होते. मालिकेचं नाव ठरलं होतं, लेखाशेजारी द्यायचा फोटोही काढून झाला होता. फक्त लेख नव्हता. सात महिने झाले होते.

निवृत्तीनंतरचा काळ म्हणून आधी झोप, भूक, मन कशात रमतं का, हे सगळं विचारून घेतलं. तिथे काळजीचं काही नव्हतं. चारचौघांत बोलायला, फोन उचलायला, कुणाच्या नजरेसमोर साधी सही करायलाही भीती वाटत असती तर मी वेगळ्या दिशेने गेले असते. ती सामाजिक भयाची लक्षणं असू शकतात आणि त्यावर नीट उपचार लागतात. यांची गाडी एकाच ठिकाणी अडली होती.

पहिली चूक माझीच झाली. म्हटलं, “रोज वीस मिनिटं कसंही लिहा, वाईट लिहा, खोडू नका.” हा उपाय अनेकांना लागू पडतो. हे पुढच्या भेटीला आले ते चेहरा पाडून. “मॅडम, ३० वर्षांत मी एक नमुना कसातरी घेतला नाही, आणि तुम्ही मला कसंही लिहायला सांगता?” बरोबर होतं त्यांचं. ज्याची सगळी अब्रू नेटकेपणात आहे, त्याला गबाळेपणाची सवलत अपमानासारखी लागते.

मग मी मसुदे मागवले. अकरा निघाले. अकराही ‘नमस्कार, मी…’ने सुरू होणारे! शिक्षण, नोकरी, लिहिण्यामागची भूमिका, वाचकांची आगाऊ माफी. कुठल्याही मसुद्यात सुई शिरेपर्यंत पोचलीच नव्हती.

मी सहज विचारलं, घाबरलेल्या लहान मुलाचं रक्त कसं काढायचात? आणि माणूस बोलायला लागला. म्हाताऱ्या माणसांची शीर बोटाखालून कशी पळते, पट्टा मिनिटभराहून जास्त का बांधून ठेवायचा नाही, पेशंटला मूठ सारखी उघडमीट करायला लावली तर अहवालात पोटॅशियम खोटंच कसं वाढलेलं दिसतं. वीस मिनिटं मी फक्त ऐकत होते.

“हे लिहिलंत कुठे?”

“हे काय लिहायचं? हे तर रोजचंच.”

पहिला लेख अडतो तो बहुतेक इथेच. माणूस त्या एका लेखाकडून ‘मी लिहिणारा कोण?’ याचं उत्तर मागतो. लेख कशाबद्दल आहे हे बाजूला राहतं आणि लायकीचा दाखला लिहिणं सुरू होतं. तो कधी पुरा होत नाही, कारण तो कुणा एका ठरावीक माणसाला दाखवायचा असतो. यांना तो त्यांच्या जुन्या डॉक्टरसाहेबांना दाखवायचा होता. “साहेब वाचतील आणि म्हणतील, सुया टोचणारा आता लेखक झाला.” असं होण्याची खात्री किती, विचारलं, म्हणाले, नव्वद टक्के. वही मिटली की ही भीती तेवढ्यापुरती शमायची. हायसं वाटायचं, आणि त्या हायसं वाटण्याचीच सवय लागली होती. याला आळस म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

त्यांना मी मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगितला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा गायकाचा चेहरा छापलेला टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांच्या तरी तो लक्षात आला असेल, असा घालणाऱ्यांचा अंदाज. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या आला. ते हसले, पण पटलं नाही. “साहेबांचं लक्ष असतं हो.” खरं सांगायचं तर प्रयोग ऐकून कुणाची भीती गेलेली मी फारशी पाहिलेली नाही, स्वतः करून बघावं लागतं.

म्हणून ठरलं असं: पहिला लेख लिहायचाच नाही. थेट दुसरा लिहायचा, म्हणजे ओळख करून देण्याचा प्रश्नच नको. वाचक एकच, उद्या कामावर रुजू होणारा नवखा मुलगा. विषयही एकच, लहान मुलाचं रक्त. लांबी दीड पान. आणि डॉक्टरसाहेबांबद्दलचं ते नव्वद टक्क्यांचं भाकीत तारीख घालून कागदावर लिहून ठेवायचं.

आठवड्याने दीड पान आलं. पहिलं वाक्य होतं: ‘मुलाला “दुखणार नाही” असं कधीही सांगू नये, कारण दुसऱ्या वेळी तो तुमचं काहीच ऐकणार नाही.’ माझ्याकडे खोडण्यासारखं काही नव्हतं.

आधी तीन जणांना दाखवलं. सुनेने शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या, एका मित्राने लेख लांबला म्हणून सांगितलं, तिसऱ्याने स्वतःच्या पळणाऱ्या शिरेबद्दल शंका विचारली. लेखक होण्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मग एका रात्री धीर करून त्यांनी तो डॉक्टरसाहेबांनाच मोबाइलवर पाठवला.

चार दिवसांनी उत्तर आलं. नुसतं अंगठ्याचं चित्र.

भाकिताचा कागद घेऊन ते माझ्यासमोर बसले होते, सुटल्यासारखे आणि थोडे खट्टूही. “सात महिने ज्यांना घाबरलो,” ते म्हणाले, “ते अंगठा दाखवून मोकळे झाले!”

परिचयाचा लेख अजून लिहिलेला नाही. विचारलं तर म्हणतात, सवड नाही.