तुझ्या पोरीच्या घरी आता पाणी कोण भरतं?

लातूर

चि. लेकरास आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीचं बाड पोचलं. चार दिवस दुपारची झोप सोडून वाचलं. आधी आवडलेलं सांगते, मग कान धरते. तुझी ती सतरा वर्षांची पोर डोंगरापलीकडच्या वस्तादबाईकडं शस्त्र शिकायला जाते आणि म्हातारी तिच्या तोंडाकडं न बघता आधी तिच्या चपलांकडं बघते, ते पान मी दोनदा वाचलं. कसं सुचलं, ते भेटल्यावर सांग.

आता कान. तिसऱ्या पानावर पोर घर सोडते आणि पुढं दोनशे पानं घराचं नाव नाही. दुसऱ्या पानावर कंदील धरून दारात उभी असलेली तिची बहीण, ती कुठं गेली? त्या घरी आता पाणी कोण भरतं? जादूचं राज्य असलं म्हणून रांजण आपोआप भरतो का? भरत असेल तर तसं लिही, चालेल मला.

मी हे का धरून बसले, तेही ऐक. 1972 च्या दुष्काळात मी आठवीत होते. माय आणि दादा दोघंही रोडाच्या कामावर खडी फोडायला जायचे. घरात सहा महिन्यांचा भाऊ. त्याला कुणीतरी सांभाळायला पाहिजे होतं, आणि हुशार म्हणून शाळेसाठी मी ठरलेली. मग धाकटीची शाळा चौथीतच सुटली. भर उन्हात ती त्याला कडेवर घेऊन कामावर जायची, माय त्याला पाजायची, आणि येताना धाकटी डब्यात सुकडी घेऊन यायची. मी शाळेतून आले की त्यातली अर्धी माझ्यासाठी ताटाखाली झाकून ठेवलेली असायची. ती गार सुकडी मी पुस्तक वाचत खाल्ली आहे. पुढं मी मास्तरीण झाले. गावात अजून म्हणतात, बाई लई कष्टानं शिकली. कुणाच्या कष्टानं, हे मीही कधी भाषणात सांगितलं नाही.

म्हणून त्या बहिणीला परत आण. भाषण नको देऊस तिला. पोर सुगीला चार दिवस घरी येऊ दे आणि रात्री दोघींना शेजारी निजू दे. एकीच्या हाताला घट्टे मुठीचे, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात. दुसरीचे पोहऱ्याच्या दोरीचे, बोटांच्या मुळाशी. अंधारात हात हातात आला की दोघींनाही कळेल. बोलायची गरज नाही.

शिकण्याबद्दल. 'मनगटाच्या एका झटक्यात तिनं पट्टा फिरवला' असं तू लिहिलंस. अगं, दांडपट्ट्यात मनगट असतं कुठं? हात कोपरापर्यंत लोखंडी खोबळ्यात जातो, आतल्या आडव्या दांडीला मूठ धरायची, मनगट तिथंच जखडलं. पातं लवलवणारं, चांगलं चार फुटांच्या आसपास. फिरवायचं ते खांद्यातून, कमरेतून, पायातून. ज्या पोरीनं दोन वर्षं तलवारीसाठी मनगट मोकळं केलं, तिला पट्टा घातल्या दिवशी आधीचं निम्मं विसरावं लागणार. आधी नुसत्या काठीवर हात बसवताना ती स्वतःच्याच पोटऱ्या फोडून घेईल, रात्री हळद लावत रडेल, आणि तालमीतली ती दुसरी पोर, जिला तू फक्त 'गर्विष्ठ' म्हणून सोडलंस, ती हसेल किंवा हळद उगाळून देईल. कुठलं, ते तू ठरव. मला वाटतं आधी हसेल. इथं तुझी तीन प्रकरणं पडली आहेत आणि तू ती एका ओळीत उरकलीस.

होळीला नांदेडला जा. शिखांच्या होला मोहल्ल्यात गतका, म्हणजे त्यांचा काठी-तलवारीचा खेळ, खेळणारे बघ, पण खेळ थोडा बघ आणि खेळून बाजूला बसलेले जास्त बघ. कोण कुणाला आधी पाणी देतं, कोण कुणाचा खरचटलेला कोपर न सांगता बघतं. तुझ्या कादंबरीतली नाती तिथं मिळतील.

आणि घरून निघताना त्या पोरीला काहीच येत नव्हतं, हे मला पटत नाही. ज्वारीत माळ्यावर बसून पाखरं राखलेली पोर म्हणजे गोफण आलीच. एक टोक बोटात अडकवलेलं, दुसरं चिमटीत. डोक्यावर दोन-तीन फेरे, आणि चिमटी सुटायला जरा उशीर झाला की गुंडा पाखरांऐवजी शेजाऱ्याच्या कोपीवर. ती वेळ तोंडानं शिकवता येत नाही. आमची धाकटी डाव्या हातानं गोफण फिरवते, कारण उजव्या कडेवर भाऊ असायचा. तर गंमत अशी कर: वस्तादबाईला सगळी शस्त्रं येतात, गोफण येत नाही. तिला ती शिकावीशी वाटते आणि मागायची लाज वाटते. सध्या ती बोलते ते आमच्या शाळेच्या फळ्यावरचे सुविचार.

शिष्या कशी असते ते बघायचं तर लीळाचरित्र काढ. तेराव्या शतकातली महदाइसा चक्रधरांना सारखी काही ना काही विचारत असते. तिच्या प्रश्नांमुळं केवढं तरी आपल्यापर्यंत आलं. तुझी पोर अख्ख्या पुस्तकात म्हातारीला एकही प्रश्न विचारत नाही, नुसतं होय होय करते. अशी पोर वर्गात असली की मला काळजी वाटायची.

सरदाराच्या मुलाबद्दल थोडक्यात: त्याला काहीतरी काम दे, नाहीतर काढून टाक.

किल्ल्याचं एवढंच. तुझा किल्ला कागदावरचा वाटतो. देवगिरीची अंधारी मोबाईलचा उजेड न लावता चढून बघ. वटवाघळांचा वास, पुढं पाय टाकावा की नाही कळत नाही, आणि समोरून कुणी आलं तर ते आपलं की परकं तेही कळत नाही. त्या दोघी पोरींना एकदा अशा वाटेनं पाठव. पुढं कोण चालतं, यावरून भांडू दे.

दुसरा खर्डा करून टपालानं पाठवू नकोस. वेळा अमावस्येला घेऊनच ये. औशाकडच्या शेतात कडब्याची कोप असते, पाच दगडांचे पांडव मांडतो, भज्जी आणि आंबील असते. आंबील आमच्या मायच्या हातची राहिली नाही, पण धाकटी बरी करते. तुझं बाड मी रोज संध्याकाळी तिला वाचून दाखवते. पहिल्या दिवशी कंदिलापाशी तिनं मला थांबवलं, म्हणाली, "मंग त्या बारकीचं काय झालं?" मी म्हटलं, पुढं येईल. आज पुस्तक संपलं. ती परत विचारायलीय, आणि मी तिला सांगितलंय की लिहिणारी पोर यायलीय, तिलाच विचार.

तुझ्या बाई