गाडीतला नकली आवाज बंद करायचाय? आधी तो येतो कुठून ते शोधा

प्रश्न: मी श्टुटगार्टजवळ राहतो. सातव्या जनरेशनची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय सेकंडहँड घेतली, गाडी एक नंबर आहे, पण ऑटोबानवर (इथला हायवे) 130 ला लावली की आत सतत घूं घूं चालू, तासाभरात बायकोचं डोकं दुखायला लागतं. मित्र म्हणतो हा आवाज सगळा इंजिनचा नाहीये, कंपनीनेच मुद्दाम आत सोडलाय. खरंय का? दारांना आणि फ्लोअरला डॅम्पिंग मॅट (आवाज दाबणारे थर) मारून घेतल्या तर जाईल का? कोटेशन बरंच मोठं आलंय.

उत्तर: मॅटचं काम आधी थांबवा, ते पैसे वाया जातील. मित्राचं बरोबर आहे. तुमच्या गाडीत साउंडॅक्टर नावाचा एक पार्ट असतो. बॉनेट उघडलं की विंडशील्डच्या खालच्या कडेला, प्लास्टिकच्या कव्हरखाली, वाटीएवढी गोल काळी वस्तू बसवलेली असते आणि तिला एक वायर जाते, तोच तो. याला स्पीकर म्हणता येणार नाही, कारण तो हवेत आवाज सोडत नाही, थेट गाडीचा पत्राच थरथरवतो आणि मग विंडशील्डपासून डॅशबोर्डपर्यंत सगळं गुणगुणायला लागतं. आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) किती आणि तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय ते त्याला गाडीच्या वायरिंगमधून कळतं, त्यामुळे तो बरोब्बर इंजिनसोबत चढतो-उतरतो आणि खरा कुठला नकली कुठला ते कानाला कळतच नाही. म्युझिक सिस्टिम बंद केली तरी तो चालूच, कारण त्याचा स्पीकरशी संबंधच नाही.

मॅटने का जाणार नाही ते सांगतो. चार सिलेंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा फायर होतं. 3000 आरपीएम म्हणजे सेकंदाला 50 फेरे, म्हणजे 100 ठोके, म्हणजे 100 हर्ट्झचा आवाज. क्रूझिंगला तुम्ही त्याच्याही खाली असता. इतका खालचा सूर पातळ मॅटने अडत नाही, आणि इथे तर तो पत्र्यातूनच येतोय, दाराला कितीही थर चढवले तरी त्याचा रस्ता मोकळाच. डोकं दुखतं ते याच सुराने, मोठा आवाज एकवेळ सहन होतो पण हा न थांबणारा खर्ज माणसाला थकवतो, त्यामुळे वहिनींची तक्रार अगदी रास्त आहे.

आता उपाय. तुमच्या गाडीत ड्रायव्हिंग मोड निवडायची सोय असेल तर स्क्रीनवर इंडिव्हिज्युअल मोडमध्ये जा, तिथे इंजिन साउंडची ओळ दिसली तर ती इकोवर टाका आणि त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, तेवढ्याच स्पीडला परत ऐका. पुष्कळ जणांचं काम एवढ्यावरच होतं, फुकटात.

ती ओळ नसेल किंवा तेवढ्याने समाधान झालं नाही तर व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन (गाडीला जोडून तिच्या आतल्या सेटिंग बदलायची साधनं) असलेला माणूस गाठा, साउंडॅक्टरच्या मॉड्यूलमध्ये आवाजाची लेव्हल टक्क्यात असते, ती शून्य करता येते. पण मी म्हणेन एकदम शून्य करू नका, आधी अर्ध्यावर आणून आठवडाभर चालवून बघा, कारण तो आवाज गेला की टायरचा आणि वाऱ्याचा आवाज जो इतके दिवस झाकला जात होता तो पुढे येतो. टायर जुने, कडक झालेले असतील तर एक कटकट जाऊन दुसरी आली असं होईल. जुनी सेटिंग कागदावर लिहून ठेवायला मात्र विसरू नका, पुढे गाडी विकताना लागेल.

तिसरा मार्ग म्हणजे सरळ कनेक्टर काढायचा. इंजिनच्या ताकदीवर किंवा अ‍ॅव्हरेजवर काहीही परिणाम होत नाही. स्कॅनरमध्ये फॉल्ट नोंदला जाईल एवढंच, सर्व्हिसला देताना आधीच सांगून ठेवा म्हणजे ते उगाच शोधत बसणार नाहीत. आणि सुटा कनेक्टर तसाच लोंबत ठेवू नका, विंडशील्डवरचं पावसाचं पाणी त्याच भागातून खाली जातं, तोंडाला नीट टेप गुंडाळा आणि वायरला बांधून टाका.

कंपन्या हे करतात कशाला असंही बरेच वाचक विचारतात. टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) आला की एक्झॉस्टचा वायू आधी टर्बाइन फिरवतो आणि तिथेच आवाजाची धार जाते, वर युरोपात बाहेरच्या आवाजाची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली येतेय आणि केबिनचं इन्सुलेशनही वाढलंय. बीएमडब्ल्यूने 2011 च्या एम5 मध्ये दहा सिलेंडरचं व्ही10 इंजिन काढून आठ सिलेंडरचं टर्बोवालं व्ही8 घातलं तेव्हा इंजिनचा आवाज स्पीकरमधून आत द्यायला सुरुवात केली, तो हाच विचार. कारण मला समजतं, पण मला ते आवडत नाही. ज्याला हवा त्याने ऐकावा, मात्र बंद करायचं बटण गाडी विकतानाच मेनूमध्ये दिलं पाहिजे, त्यासाठी गिऱ्हाइकाला बॉनेट उघडायला लागू नये.

प्रश्न: मी न्यू जर्सीत असतो, 2017 ची टोयोटा 86 आहे. इंजिनकडून एक जाड पाइप केबिनच्या भिंतीला गेलाय, तोच आवाज आत आणतो असं कळलं. तो उपटून टाकला तर चालेल का?

उत्तर: काढला तर चालेल, नुसता उपटला तर नाही! तुमच्याकडे इलेक्ट्रॉनिक काही नाही, इंजिन जी हवा ओढतं तिचाच आवाज त्या पाइपमधून, आतल्या रबरी पडद्यावरून केबिनकडे जातो, म्हणजे आवाज खराच आहे, फक्त वाट काढून दिलेली आहे. पण तो पाइप एअर फिल्टर आणि हवा मोजणारा सेन्सर या दोघांच्या पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, जोडलेला असतो. भोक उघडं राहिलं तर न गाळलेली आणि न मोजलेली हवा इंजिनात जाणार, इंजिन लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालणार, चेक इंजिनचा दिवा लागणार आणि धूळ जाईल ती वेगळीच. म्हणून इनटेकच्या बाजूला मापाची रबरी कॅप बसवून क्लॅम्प घट्ट आवळा, आणि केबिनच्या भिंतीतलं भोकसुद्धा ग्रोमेटने (रबरी बुचाने) बुजवा, नाहीतर इंजिनची गरमी आणि वास आत येत राहील. दोन्हीचं तयार किट मिळतं. काढलेला पाइप फेकू नका. मित्राकडे 2022 नंतरची जीआर86 असेल तर त्याला हा सल्ला देऊ नका, तिच्यात आवाज स्पीकरमधून येतो, प्रकारच वेगळा.

आणि स्पीकरवाल्या कुठल्याही गाडीत चिडून अ‍ॅम्प्लिफायरच्या वायरी तोडू नका रे बाबांनो, अनेक गाड्यांत पार्किंग सेन्सरचा बीप आणि सीटबेल्टची सूचना त्याच वाटेने येते. फक्त नकली आवाजाचं मॉड्यूल किंवा सेटिंग बंद करायचं, बाकी सिस्टिमला हात नाही.

प्रश्न: नेदरलँड्समध्ये नवीन इलेक्ट्रिक गाडी घेतली. सोसायटीत हळू शिरताना ती गुणगुणते. तेही असंच बंद करता येईल का?

उत्तर: नाही, तो आवाज तुमच्यासाठी नाही, रस्त्यावरच्या माणसासाठी आहे. युरोपात जुलै 2021 पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडीला तो सक्तीचा आहे, साधारण 20 किमीच्या वेगापर्यंत वाजतो, त्यानंतर टायरचाच आवाज पुरेसा होतो. ज्यांना दिसत नाही अशा लोकांना गाडी येतेय हे कळायला त्या वेगात दुसरं काहीच नसतं. तुम्हाला आत फारच जाणवत असेल तर पुढच्या बंपरमागे त्याचा स्पीकर सैल झालाय का ते सर्व्हिस सेंटरला बघायला सांगा, पण कनेक्टरला हात लावू नका.