बागेची विचारपूस : प्रदर्शनातली रोपं घरी का रुसतात?

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं पुष्पप्रदर्शन उरकलं की आमच्याकडे पत्रांचा ढीग येतो, आणि निम्म्याहून अधिक पत्रांत तक्रार एकच असते : तिथून आणलेली रोपं घरी टिकत नाहीत. पंचांगातला वसंत तेव्हा अजून दूर असतो. पण पुण्यात मोसमी फुलांचा ऐन बहर जानेवारी-फेब्रुवारीतच. चैत्र उजाडेपर्यंत पेटुनिया करपायला लागलेला असतो.

प्रश्न : प्रदर्शनातून फुललेल्या पेटुनिया आणि डायंथसच्या सहा कुंड्या आणल्या. रोज पाणी घालते, तरी आठ दिवसांत माना टाकल्या. पाणी जास्त होतंय का? (वाचक, कोथरूड)

बहुतेक वेळा उलटं असतं. पाणी घातलं जातं, मुळांपर्यंत पोचत नाही. ही रोपं उरुळी कांचन, लोणी, मांजरीकडच्या रोपवाटिकांत हिरव्या जाळीखाली, जवळजवळ निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, वाढवलेली असतात. कोकोपीट एकदा ठणठणीत वाळलं की पाणी लवकर शोषत नाही. वरून घातलेलं पाणी कुंडीच्या कडेनं खाली उतरतं, ताटलीत साठतं आणि आपल्याला वाटतं रोप प्यायलं. कुंडी उचलून पाहा. हलकी लागली तर मुळांचा गोळा आतून कोरडाच आहे.

अशी कुंडी बादलीतल्या पाण्यात काठापर्यंत बुडवा. बुडबुडे यायचे थांबले, साधारण दहा-पंधरा मिनिटांनी, की बाहेर काढून निथळू द्या. पुढचे तीन-चार दिवस फक्त सकाळचं ऊन, मग हळूहळू पूर्ण ऊन. जाळीखालून आलेलं रोप थेट गच्चीवर ठेवलं तर पानांच्या कडा करपतात.

कुंडी आणल्या दिवशीच बदलायची घाई करू नका. आठवड्यानं ८ इंची कुंडीत लावा. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट. मुळांचा गोळा बाहेर काढल्यावर तळाशी पांढऱ्या मुळांची चकती गुंडाळलेली दिसेल. ती बोटांनी थोडी सैल करा, नाहीतर मुळं तिथल्या तिथेच फिरत राहतात आणि नव्या मातीत शिरतच नाहीत. लावताना उमललेली फुलं आणि लांबलेले शेंडे खुडून टाका. जीवावर येतं, पण पंधरा-वीस दिवसांत दुप्पट फुटवा येतो. एवढं करूनही पेटुनिया मार्चअखेरपर्यंतचाच सोबती. एप्रिलच्या उन्हात तो गेला तर ती तुमची चूक नव्हे. डायंथस थोडा अधिक तग धरतो.

प्रश्न : कलमी गुलाब घेताना काय पाहावं? मागच्या वर्षी लाल फूल बघून आणलेल्या झाडाला आता बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. (वाचक, सिंहगड रस्ता)

तुमचं लाल गुलाब मेलं आणि खालचं खुंट-झाड वाढलं. कलमी गुलाबात रानटी गुलाबाच्या खुंटावर हव्या त्या जातीचा डोळा, म्हणजे जिथून फूट येते तो कोंब, भरलेला असतो. जिथं डोळा भरला तिथं खोडावर गाठ दिसते. गाठीच्या खालून निघालेली प्रत्येक फूट रानटी. ती जोमदार असते आणि वरच्या कलमाचं अन्न पळवते. पानात पाच दलं की सात यावरून रानटी फूट ओळखा असं सांगतात, त्यावर विसंबू नका. काही चांगल्या जातींनाही सात दलं येतात. फूट कुठून निघाली तेच पाहायचं. माती उकरून तिच्या मुळाशी पोचा आणि कात्रीनं न कापता खाली ओढून तोडा. कापली तर राहिलेल्या बुंध्यावरून पुन्हा दोन-तीन फुटतात.

घेताना फुलाकडे शेवटी बघा. गाठीच्या वरून निदान दोन-तीन पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या हव्यात. गाठ घट्ट, न चिरलेली हवी. डोळा बांधलेली प्लास्टिकची पट्टी अजून खोडात रुतलेली असेल तर घरी आल्यावर ब्लेडनं सोडवा. फांदीचा शेंडा काळा पडून खाली उतरत असेल तर ते झाड सोडा. पानं उलटी करून पाहा. बारीक जाळं आणि ठिपके म्हणजे लाल कोळी ही कीड, आणि फेब्रुवारीपासून हवा कोरडी झाली की तो घरभर पसरतो.

पिशवीतली माती हा खरा घोटाळा. बरेच नर्सरीवाले गुलाब चिकण मातीत भरतात, कारण वाहतुकीत गोळा फुटत नाही. तो गोळा तसाच भुसभुशीत मातीत ठेवला की पाणी आजूबाजूनं निघून जातं आणि आतला गोळा विटेसारखा वाळतो. पिशवी अर्धा तास पाण्यात ठेवा, कापा आणि गोळ्याचा बाहेरचा बोटभर थर बोटांनी अलगद सुटा करा. पूर्ण धुऊ नका. पानांवर असलेलं झाड त्यानं हमखास कोमेजतं. कुंडी १२ इंची, गाठ मातीच्या वर, कळ्या-फुलं काढून टाकलेली, मिश्रणात मूठभर निंबोळी पेंड. तीन आठवडे दुसरं खत नाही. मुख्य छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात.

प्रश्न : पुढच्या वर्षी प्रदर्शनात गुलाबाचं एकच फूल ठेवायचं आहे. तयारी कधीपासून? (वाचक, औंध)

ऑक्टोबरची छाटणी असतेच. प्रदर्शनासाठी वेगळा हिशेब करायचा. थंडीत फुटव्यापासून फुलापर्यंत पन्नास ते साठ दिवस लागतात. म्हणून नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फुलून गेलेल्या फांद्या बाहेरच्या बाजूच्या डोळ्यावर कापा. सगळी झाडं एकाच दिवशी कापू नका. चार-चार दिवसांच्या अंतरानं दोन-तीन झाडं कापली तर थंडीनं वेळ मागेपुढे केली तरी एखादं फूल नेमकं सापडतं.

मुख्य कळीच्या बगलेतल्या कळ्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या असतानाच नखानं बाजूला वाकवून काढा. उशीर झाला की तिथं हिरवा खुंट राहतो आणि परीक्षकाची नजर आधी तिथंच जाते. नियमपत्रिका शब्दन् शब्द वाचा. ‘एक फूल’ लिहिलेल्या गटात बाजूची कळी राहिली तर चांगलं फूल नुसतं त्यामुळे बाद होतं.

फूल आदल्या संध्याकाळी किंवा पहाटे कापा, अर्धं ते दोन-तृतीयांश उमललेलं. बादली सोबत न्या. कापल्याबरोबर दांडा पाण्यात, मग पाण्याखालीच पुन्हा तिरपा बोटभर काप, म्हणजे दांड्यात हवा अडकत नाही. रात्रभर अंधाऱ्या, गार खोलीत गळ्यापर्यंत पाण्यात उभं ठेवा. पानं ओल्या फडक्यानं पुसा. तेल लावून चकाकी आणू नका, ती लगेच कळते. गुण फुलाबरोबर दांडा आणि पानांनाही असतात.

प्रश्न : आईला प्रदर्शनाला घेऊन जायचं आहे, ती सत्तरीची आहे. दिवस कसा आखावा? (वाचक, हडपसर)

प्रदर्शन दरवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास असतं. रेसकोर्सलगतची ही बाग ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था सांभाळते, प्रदर्शनही तीच भरवते. २६ तारीख आणि रविवार टाळा; त्या गर्दीत फुलं कमी आणि डोकी जास्त दिसतात. आडवारी सकाळी दार उघडल्याबरोबर जा. आधी कापलेल्या फुलांचा मांडव पाहा, कारण ती दुपारपर्यंत मलूल होतात. मग कुंड्या, बोन्साय, आणि खरेदी अगदी शेवटी, म्हणजे पिशव्या घेऊन फिरावं लागत नाही. बाग सुमारे ३९ एकरांची आहे, तेव्हा आईंना मांडवांपुरतंच फिरवा. पण मोठ्या झाडांवर चढलेली गारंबीची अजस्र वेल दाखवायला विसरू नका.

रोपं दुचाकीवरून नेत असाल तर वर्तमानपत्राचा उभा कोन करून गुंडाळा. नाहीतर वारा लागून पानं वाटेतच सुकतात. रोपं आत ठेवून चारचाकी उन्हात बंद करून जेवायला थांबणं तर त्याहून वाईट.

प्रश्न : प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी रोपं निम्म्या भावात मिळतात, घ्यावीत? (वाचक, पिंपरी)

क्रोटन, सिंगोनियम, जेड, निवडुंग, खुशाल घ्या. मोसमी फुलझाडं नकोत. चार-पाच दिवस मांडवात कमी उजेडात, कधी तहानलेली, कधी पाण्यात बुडालेली राहून ती आधीच थकलेली असतात.

प्रश्न : डेंड्रोबियम ऑर्किड आणलं. कोणत्या मातीत लावू? (वाचक, बाणेर)

कुठल्याच नाही. कोळसा, विटेचे तुकडे आणि नारळाची सोडणं, मुळांना हवा खेळेल अशी जाळीदार कुंडी. फूल असेपर्यंत हलवू नका. बहर संपल्यावर नवा कोंब बोटभर झाला आणि त्याच्या बुडाशी हिरव्या टोकाची मुळं फुटू लागली की कुंडी बदला. जुन्या पानं झडलेल्या काड्या कापू नका, पुढच्या फुटव्याचं अन्न त्यांतच असतं. एप्रिल-मेमध्ये पुण्याची हवा फार कोरडी. सकाळी मुळं भिजेपर्यंत पाणी, दुपारी कुंडीखालची फरशी ओली, आणि पश्चिमेच्या उन्हाला जाळी.