सिंधुदुर्गात सरकारी रुग्णालयं असताना लोक उपचारांसाठी गोव्यात बांबोळीला का धावतात? हा गोव्यावर अन्याय नाही का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नकाशात आहे. सीमेजवळच्या बांद्याहून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेजचं सरकारी रुग्णालय पन्नासेक किलोमीटर, ओरोसचं जिल्हा रुग्णालय साधारण तेवढंच, आणि कोल्हापूर म्हणजे आंबोली घाट चढून सव्वाशेच्या वर. रात्री घरातल्या माणसाच्या कानातून रक्त येत असेल, एका बाजूला मेंदूचा सर्जन नक्की भेटणार असेल आणि दुसऱ्या बाजूला ‘बघूया’ असेल, तर तुम्ही गाडी कुठे वळवाल?

मी लिहायला बसलोय ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नामुळे. तो मला याआधी एकदा जेवताना ऐकवला गेलाय.

माझी ओमनी आहे. दिवसा शाळेची पोरं, काजूच्या दिवसांत काजू, आणि वेळीअवेळी पेशंट. आमच्या सीमेलगतच्या गावांत अशा प्रत्येक गाडीवाल्याला बांबोळीच्या कॅज्युअल्टीचा दरवाजा पाठ असतो. माझे बाबा माडावरून पडले तेव्हा मात्र पेशंट माझ्याच घरातला होता. २०१८ च्या आधीची गोष्ट, एप्रिलमधली. नारळ पाडणारा पाडेली येतो-येतो म्हणून येईना, म्हणून साठी ओलांडलेला माणूस संध्याकाळी स्वतःच वर चढला.

जवळच्या सरकारी रुग्णालयात ड्युटीवर एकच डॉक्टर, तोही कंत्राटी. त्याने डोळ्यांत टॉर्च मारून बघितलं, सलाईन लावलं आणि पुढे न्यायची चिठ्ठी लिहिली. त्या पोराला मी दोष देत नाही. सीटी स्कॅन नाही, भूलतज्ज्ञ नाही, तो काय स्टेथोस्कोपने कवटी तपासणार होता? १०८ दुसऱ्या पेशंटला घेऊन कुडाळकडे गेलेली. मग ओमनीची मागची सीट काढून गादी टाकली. आई म्हणाली, “आता थांबू नको, बांबोळीक हलव,” आणि मान हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी उशा दाबून धरून बसली. गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला ट्रकांची ही रांग. नाक्यावरच्या पोलिसाने आत एकदा वाकून बघितलं आणि बाजूने काढून दिलं. म्हापसा, पर्वरी, मांडवीचा पूल. कधी एवढी हळू आणि कधी एवढी जोरात गाडी मी चालवलेली नाही.

बांबोळीत कुठला पेशंट हे कुणी आधी विचारलं नाही. सीटी झाला, मेंदूवर रक्त साचलेलं दिसलं, उजाडायच्या आत ऑपरेशन. वॉर्डात शेजारच्या खाटेवर कारवारचा एकजण, पलीकडे पेडण्याचा. बाबा आजही आहेत. ऐकायला कमी येतं, बाकी तोंड चालू असतं.

त्या दिवसांत आमचा डबा ताईकडून यायचा. ताई म्हापशाला दिलेली. भावोजी गोव्याचे, माणूस दिलदार, रक्त द्यायलाही पहिले तेच उभे राहिले. पण एका रात्री बांगड्याच्या हुमणावर हात मारता मारता म्हणाले, “तुमचो पुराय सिंधुदुर्ग हांगाच येता मरे! आमच्या लोकांक खाटी मेळनात.” त्यांच्या घरी जेवत होतो, घरच्या जावयाला उलट बोलायचं नसतं, म्हणून गप्प राहिलो. आता तुम्ही तेच विचारताय, आणि तुम्ही आमचे जावई नाही.

तर ऐका. गोव्यातल्या बार्देश तालुक्याच्या नळाला येणारं पाणी मोठ्या प्रमाणात तिळारीचं. धरण आमच्या दोडामार्गात, बुडालेली गावं आमची, पाण्याचा मोठा वाटा गोव्याचा. कालवा फुटला की म्हापशात बादल्या घेऊन कोण ओरडतं? गोव्याच्या औषध कंपन्यांत आणि हॉटेलांत रोज सकाळी मोटारसायकलीवरून जाणारी पोरं कुठली? ती कारखान्यात चालतात आणि ताप आला की परकी होतात, हा कुठला हिशेब? रोगाला तर सीमा ठाऊकच नाही. गोचीड चावून होणारा माकडताप २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीतल्या पाळी गावात होता, २०१६ मध्ये दोडामार्गातल्या केरमध्ये. गोचीड पत्रादेवीला आधारकार्ड दाखवत नाही.

जानेवारी २०१८ पासून गोव्याने बाहेरच्या पेशंटांना शुल्क लावलं. दोडामार्गात त्यावरून आंदोलन झालं. माझं मत विचाराल तर शुल्क लावण्यात फारसं गैर नव्हतं. गैर आपल्याकडे आहे. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून काढून आमचा वेगळा जिल्हा केला, आणि इतक्या वर्षांत साधा भूलतज्ज्ञ टिकवता येत नाही. नेमणूक होते, डॉक्टर हजर होतो, महिन्याभरात बदलीच्या खटपटीला लागतो. सावंतवाडीला मल्टिस्पेशालिटी हॉस्पिटल होणार हे ऐकून कान किटले. गोव्याकडे १८४२ पासून वैद्यकीय शिक्षण आहे, आमच्या ओरोसचं सरकारी मेडिकल कॉलेज परवा-परवाचं. त्याला वेळ लागेल हे मान्य, पण तोवर पडलेल्या माणसाने काय करायचं?

आता भावोजींच्या बाजूचंही लिहितो, नाहीतर ताई फोन करेल. तिळारीच्या खर्चात गोव्याने आपला वाटा दिलाय, पाणी फुकट नेत नाहीत. बांबोळीत गर्दी आहे हे खरं, जमिनीवर गाद्या टाकलेल्या मीही पाहिल्यात. आणि आमच्यातलेही काही शहाणे साध्या खोकल्यासाठी बांबोळी गाठतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळणारी गोळी घ्यायला पन्नास किलोमीटर जातात. त्यांना मी गाडीत घेत नाही. मात्र काजूच्या हंगामात बागेत जाणाऱ्याला ताप आला तर तो साधा समजू नका. गावात माकड मेलेलं असेल तर तेही डॉक्टरला सांगा, आणि आधी आपल्याच आरोग्य केंद्रात रक्त तपासायला द्या. माकडतापाची तिथे माहिती असते.

खरोखर बांबोळीला न्यावंच लागलं तर मूळ रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आजार बसतो का ते पोचल्याबरोबर तिथेच विचारा. डिस्चार्जच्या दिवशी विचारणारे नातेवाईक मी फार बघितलेत. कागद आणायला परत गावी पिटाळतात, आणि भाडं पुन्हा मलाच मिळतं.